नेमच्या पुड्यांचं मीठ

लाय वुंग, ३ मार्च १९९७

तीर्थरूप आईंना, सुयेनचा नमस्कार.

लोआन, हे पत्र आईंना जेवण झाल्यावर वाचून दाखव, आधी नको. उपाशीपोटी त्यांना सुनेचं काहीच गोड लागत नाही, हे तू जाणतेसच.

आई, नव्या वर्षाचा तेतचा सण संपल्या संपल्या तुम्ही "लेकीच्या कॉफीला फूल आलंय का बघून येते" म्हणून डोंगरावर गेलात. फुलं एव्हाना गळूनसुद्धा गेली असतील. आता फळं पिकेपर्यंत थांबायचा विचार आहे की काय? इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे तुमच्या चिरंजीवांनी स्वयंपाकघराचं छप्पर शाकारलं आणि त्यावरून एकदाच खाली पडले, तेही गवतात. बदकांना तुमच्या हाकेची सवय, माझ्या हाकेला ती मान वर करून बघतात आणि पुन्हा कालव्यात उतरतात. परवापासून अंडी पलीकडच्या काठाला घालायला लागली आहेत. संत्र्यांच्या बागेला खत घालून झालं.

ताम मामा रोज दुपारी येतात, तुमच्या झोळीत आडवे होतात आणि "ताई कधी येणार?" असं मलाच विचारतात. तुमचे सख्खे भाऊ म्हणून चहा देते, नाहीतर दिला नसता.

तुमच्या तेतच्या नेमच्या पुड्यांचं अजून नाव निघतं, डुकराचं मांस आंबवावं तर तुम्हीच म्हणतात. माझ्या माहेरची माणसं तर जाताना चार बांधून घेऊन गेली होती.

तिसऱ्या चांद्र महिन्याच्या विसाव्या तिथीला मामंजींचं श्राद्ध, यंदा २६ एप्रिलला येतं. मामंजींपुढे नेम ठेवायचे तर ते तुमच्याच हातचे, हे काही मी सांगायला नको. तेव्हा कोणत्या गाडीने येता ते लोआनला लिहायला सांगा. तुमचे चिरंजीव सा देकच्या थांब्यावर येऊन उभे राहतील.

तुमची,
सुयेन

लाय वुंग, ११ मार्च

प्रिय लोआन,

हे पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर का पाठवलं ते तुझ्या लक्षात आलं असेल. आईंना अक्षर दिसत नसलं तरी पाकीट फाडल्याचा आवाज तीन खोल्यांतून ऐकू येतो.

तुझं उत्तर वाचलं. "मी येत नाही, पुड्या बाजारातून घ्या म्हणावं, माझ्या हातात आता काही राहिलं नाही." असं त्या म्हणाल्या? नेहमीसारखं ओरडून म्हणाल्या असत्या तर मी काही मनावर घेतलं नसतं. तू लिहितेस की हळूच म्हणाल्या. आणि वर तुझ्या ओसरीत डब्यांमध्ये कांद्याची पात लावली आहे. लोआन, मला त्या पातीची भीती वाटते. जी बाई पेरते ती खुडायलाही थांबणार.

नवऱ्याच्या श्राद्धाला त्या आल्या नाहीत तर मग या घरात परत यायला त्यांना कुठलंच निमित्त उरणार नाही. गाव काय, "सुनेने घालवली" म्हणेल. म्हणू दे. वीस वर्षं मी त्यांच्या शिव्या खात स्वयंपाक केलाय, आता त्या शिव्यांशिवाय माझा भातसुद्धा नीट शिजत नाही. हे मी तुझ्या दादालाही सांगितलेलं नाही.

तेतला तू सासरी होतीस म्हणून तुला ठाऊक नाही. सगळी पंगत बसली होती. ताम मामांनी पुडी सोडली, एक घास खाल्ला आणि म्हणाले, "ताई, ही खाऊन माणूस अख्खी नदी पिऊन टाकेल." सगळे हसले. आईच सगळ्यांत मोठ्याने हसल्या. दुसऱ्या दिवशी बघते तर मांस कांडायचं उखळ धुऊन भिंतीशी उपडं घातलेलं. आपल्याकडे तेतनंतर उखळ कधी उपडं राहतं का? आणि मग त्यांनी पिशवी भरली. मामांना मी चांगलं झापलं. ते म्हणतात, "मी काय केलं? खारट होतं, खारट म्हटलं. गोड म्हणायला हवं होतं का?"

आता खरी गोष्ट. गेल्या आठवड्यात मी उखळ सुलटं केलं आणि गुपचूप थोड्या पुड्या केल्या. आईंनी आजवर मला कांडू दिलं, कातडी खरवडू दिली, केळीची पानं पुसू दिली, पण मीठ कधी घालू दिलं नाही. मीठ घालताना त्या मला विहिरीवर पाठवत. जशी काही मी मीठ पळवणार होते. तरी वीस वर्षं दाराआडून बघून जेवढं कळलं तेवढं केलं. पहाटे खाटकाकडे जाऊन अजून वाफ निघत असलेली डुकराची मांडी आणली, फडक्याने पुसली, चरबी आणि शिरा काढल्या, तुझ्या दादाने हाताला घट्टे पडेपर्यंत कांडलं. कातडीचे धागे, भाजलेल्या तांदळाचं पीठ, साखर, मीठ, प्रत्येक पुडीत एक मिऱ्याचा दाणा, मिरचीचा काप आणि लसणाची चकती. आपल्या कुंपणाच्या पांगाऱ्याची कोवळी पानं आत, केळीची पानं बाहेर. बांधून चुलीजवळच्या दांडीला टांगल्या.

आणि लोआन, त्या उत्तम झाल्या. गुलाबी, घट्ट, पान अलगद सुटून येणाऱ्या, आंबट आणि मागून गोड. तुझ्या दादाने एक खाल्ली, दुसरी खाल्ली, तोंड पुसलं आणि म्हणाला, "हे आईला सांगू नकोस."

"का?"

"सांगितलंस तर ती कशाला येईल?"

तुझा दादा वर्षातून एकदाच डोकं वापरतो, पण वापरतो तेव्हा बरोबर वापरतो. मी ठरवलंय. आईंना लिहिणार की माझ्या पुड्या बिघडल्या, पार सडल्या, आता श्राद्धाचं कसं होणार. सुनेच्या हातून वाट लागलेली ऐकून त्या घरात बसतील? पहिली गाडी धरतील. तू फक्त तोंड सरळ ठेवून वाच. शाळेत पोरांसमोर एवढी गंभीर होतेस, तशी हो.

तुझी वहिनी

लाय वुंग, १४ मार्च

तीर्थरूप आईंना, नमस्कार.

रागवायचं असेल तर आधीच रागवून घ्या, मी पुढचं सावकाश लिहिते. मी तुमचं उखळ सुलटं केलं. श्राद्धाआधी एकदा हात बसावा म्हणून पुड्या करून पाहिल्या, आणि आई, काय सांगू, सगळा सत्यानाश झाला.

मिठाचा अंदाज येईना. तुम्ही कधी दाखवलंच नाही. कमी पडायला नको म्हणून दोन मुठी जास्तच टाकलं. टांगून ठेवल्या आणि तीन दिवसांनी सोडून बघते तर आत सगळं बुळबुळीत, वर हिरवी छटा, आणि वास असा की तुमचे चिरंजीव नाक धरून बागेत गेले ते संध्याकाळपर्यंत आले नाहीत. खड्डा खणून पुरल्या. खाटीक विचारतो, "काय वहिनी, पुड्या कशा झाल्या?" मी त्याच्या दारावरून जायचं टाळते.

आई, मामंजींना मी फोटोतच पाहिलंय. माझं लग्न व्हायच्या आधीच ते गेले. त्यांच्यापुढे सुनेने सडके नेम ठेवले तर ते काय म्हणतील? तुम्ही आलात तरच यातून सुटका आहे. नुसतं बसून सांगा, करीन मी.

तुमची,
सुयेन

लाय वुंग, २६ मार्च

प्रिय लोआन,

तुझं पत्र मी उभ्या उभ्या वाचलं आणि मग बसून पुन्हा वाचलं. आईंनी मिठाची ओळ दोनदा वाचायला लावली. मग "मूर्ख आहे" म्हणाल्या आणि पातीला पाणी घालायला गेल्या. आणि त्या दिवशी भात दोनदा वाढून घेतला. लोआन, हे फार चांगलं लक्षण आहे. ज्या माणसावरून त्यांचं मन उठतं त्याला त्या मूर्ख म्हणत नाहीत, "बरं" म्हणतात.

पण "येते" म्हणाल्या नाहीत. म्हणजे अजून थोडा जाळ लावायला हवा. पुढच्या पत्रात मी मांस धुतलं असं लिहिणार आहे. पाण्याने. खळखळून. हे ऐकल्यावर त्यांना तिथे झोप लागणं शक्य नाही.

इकडे माझी वेगळीच पंचाईत. दुसऱ्यांदा केल्या त्या पहिल्यांदापेक्षा बऱ्या झाल्या. ताम मामांना वासावरून कळलं. आले, दांडीखाली उभे राहिले.

"सुयेन, हे काय टांगलंयस?"

"काही नाही मामा. बिघडलेत."

"बिघडलेत तर दे, मी फेकतो." आणि फेकायला म्हणून एकेक सोडून तोंडात. मी सांगितलं, कुणाजवळ बोललात तर पुन्हा चहा बंद. तर म्हणतात कसे, "चहाचं राहू दे, दारूबरोबर आणखी दोन मिळाल्या तर माझं तोंड आपोआप बंद राहतं." जाता जाता मात्र थांबले. "ताई तरुणपणी करायची अगदी तश्शा झाल्यात गं," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. मी दांडीला हात घातला. मग दोन पुड्या दिल्या.

मला आनंद होतो हे तुझ्यापासून कशाला लपवू? पान सोडून आत गुलाबी दिसलं की मी एकटीच हसते. त्याच वेळी वाटतं, हे ज्यांना दाखवायचं त्यांनाच मी सडलंय म्हणून लिहितेय.

तुझी वहिनी

लाय वुंग, २९ मार्च

तीर्थरूप आईंना, नमस्कार.

पुन्हा वाट लावली. या वेळी मीठ बेताने घातलं, पण खाटकाकडून आणलेलं मांस मला मळकट वाटलं म्हणून विहिरीवर नेऊन चांगलं तीन पाण्यांनी धुतलं. पुड्यांतून पाणी गळायला लागलं. केळीची पानं काळी पडली. मुंग्यासुद्धा लागल्या नाहीत.

आता महिनाही उरला नाही. बाजारातल्या पुड्यांत काय असतं ते तुम्हीच मला सांगितलंय: प्लास्टिकात गुंडाळलेल्या, पांगाऱ्याचं पान नावाला, आणि आंबायच्या आधीच विकलेल्या. त्या मामंजींपुढे ठेवू का? आई, या ना.

तुमची,
सुयेन

बाओ लोक, ६ एप्रिल

सुयेन,

बोलतेय मी, लिहितेय लोआन. तिला सांगितलंय, मी म्हणेन ते जसंच्या तसं लिहायचं, एक शब्द मऊ करायचा नाही. मऊ केलास तर परत वाचून दाखवताना मला तुझ्या आवाजावरून कळेल, असंही सांगितलंय.

तू मूर्ख आहेस हे मी आधी बोललेच. आता का ते ऐक.

मीठ जास्त पडलं तर पुडी सडत नाही. आंबतही नाही. महिनाभर टांगलीस तरी आत तशीच लाल, कच्ची बसून राहते. हिरवी पडते ती मीठ कमी झाल्यावर. दोन मुठी जास्त मीठ आणि वर हिरवी छटा, असली पुडी माझ्या आजीनेही पाहिली नव्हती. मी लोआनला ती ओळ पुन्हा वाचायला लावली, म्हटलं हिचं वाचायला चुकलं असेल. नव्हतं चुकलं.

आणि मांस धुतलंस म्हणे. तू? शेजारची बाई ओल्या हाताने परातीजवळ आली तेव्हा तिला "आधी हात पुस नाहीतर उंबऱ्याबाहेर उभी राहा" म्हणणारी तू. ती बाई वर्षभर आपल्याशी बोलली नाही. त्यापेक्षा मी बदकांना पोहायला शिकवलं असं लिहायचंस, मी विश्वास ठेवला असता.

म्हणजे तुझ्या पुड्या चांगल्या झाल्या आहेत. बिघडलेली पुडी कशी असते हे तुला माहीतच नाही, म्हणून तुला खोटंही धड लिहिता आलं नाही. पहिल्यांदाच साधली का? माझी पहिल्या तीन वेळा सडली होती. माझ्या सासूने ती आख्ख्या आळीला दाखवली होती.

आता तेतचं. लोआन, थांबू नकोस, लिही.

ताम खारट म्हणाला याचा मला राग नाही. तो जन्मापासून तोंडाळ आहे. त्या दिवशी तो एकटा खरं बोलला. सुयेन, मला मीठ लागत नाही. गेल्या पावसाळ्यापासून. मासळीचं खारं पाणी चमच्याने घेतलं तरी जिभेवर काही कळत नाही. तेतला मी मीठ घातलं, बोट लावून पाहिलं, काही लागलं नाही. पुन्हा घातलं. पुन्हा. तुला विहिरीवर पाठवलं होतं ते तेवढ्याचसाठी. आधीची सगळी वर्षं तुला चिडवायला पाठवायची, या खेपेला मात्र तू बघू नयेस म्हणून.

पंगतीत मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. म्हटलं माझी जीभ गेली तर गेली, सुयेनच्या तोंडावर दिसेल. तुझ्या तोंडावर एरवी सगळं दिसतं, शेजारीण उगाच येऊन बसलेली असते तेव्हासुद्धा दिसतं. तू पुडी खाल्लीस आणि "आई, यंदा झकास" म्हणालीस. मग दुसरी घेतलीस. मग तिसरी. आणि हसत होतीस. त्यानंतर ताम बोलला.

माझ्या परातीत माती पडली तरी मला कुणी सांगणार नाही, अशा घरात मी परातीपाशी बसून काय करू? म्हातारीला गोड वाटावं म्हणून सगळे खारट खाणार. तेवढ्यासाठी मला यायचं नाही. आणि आता तू मला गोड वाटावं म्हणून आणखी खोटं लिहिलंस.

श्राद्धाला तुझ्याच पुड्या ठेव. चांगल्या झाल्यात तर बाजारातून कशाला?

लोआनने हे दोनदा फाडायचा प्रयत्न केला.

आई

लाय वुंग, १२ एप्रिल

आई,

तुमच्या तेतच्या पुड्या खारट होत्या. थोड्या नाही, भयंकर. पहिल्या घासाला माझे कान गरम झाले. मी तीन खाल्ल्या कारण तुम्ही बघत होतात आणि मला वाटलं, मी थांबले तर सगळे थांबतील. चौथी मी टेबलाखालून बदकांपुढे टाकली. त्यांनी तिला चोच लावली आणि निघून गेली.

माझ्या माहेरच्यांनी बांधून नेल्या त्या वाटेत कालव्यात टाकल्या असणार. निदान त्यांनी मला पुढे काही विचारलं नाही, आणि ते एरवी सगळं विचारतात.

आता सुरुवात झालीच आहे तर बाकीचंही ऐका. तुमची बदकाची लापशी गेल्या वर्षभर कधी अळणी, कधी खारट. आम्ही दोघं तुम्ही झोपल्यावर त्यात पाणी नाहीतर मासळीचं पाणी घालून खात होतो. तुमचा जांभळा सदरा तुम्हाला शोभत नाही, त्यात तुम्ही आजारी दिसता. तुम्ही बदकांना ज्या नावांनी हाका मारता त्यातलं एक नाव माझ्या आईचं आहे, आणि ते तुम्ही मुद्दाम ठेवलंय हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं.

माझ्या पुड्या चांगल्या झाल्या. पहिल्याच खेपेला. पण त्यातही खरं ते सांगते. मला कातडी तुमच्यासारखी चिरता येत नाही. तुमची शेवयांसारखी, माझी दोरखंडासारखी, दातांत अडकते. माझी गाठ सैल बसते, आणि पुडीचा एक कोपरा नेहमी फुगतो. तुमच्या चिरंजीवांना सांगितलं तर म्हणतात, "खाताना कुठे कोपरा दिसतो?" त्यांना काय कळतंय.

तुम्हाला वाटलं असेल की मी पुड्यांसाठी बोलावते. मीही स्वतःला तेच सांगत होते. पण पुड्या मला येतात, आई. पुड्यांसाठी तुमची गरज नाही. तुम्ही नाहीत तर सकाळी उठून भांडायला कुणी नसतं, पोरं शहरात, तुमचे चिरंजीव बागेत, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून स्वतःच स्वतःला मूर्ख म्हणते. ते तुमच्या तोंडून ऐकायची सवय आहे. मला तुम्ही घरी हव्या आहात.

इथून पुढे खारट असेल तर मी खारट म्हणेन. पाहुण्यांसमोर म्हणेन. मग मात्र रागावून डोंगरावर जायचं नाही.

सुयेन

लाय वुंग, २७ एप्रिल

प्रिय लोआन,

तू शाळेतून सुट्टी मिळाली नाही म्हणून हळहळलीस, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

तू त्यांना गाडीत बसवून दिलंस त्याच संध्याकाळी तुझा दादा सा देकच्या थांब्यावर पोचला होता. नदीच्या तरीवर गर्दी होती म्हणून गाडी उशिरा आली. खिडकीतूनच त्याला म्हणाल्या, "वाळलास. ती तुला काय खायला घालते?" घरी आल्या, अंगात तोच जांभळा सदरा. माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"आजारी दिसते?"

"दिसता."

"प्रवासाने असेल."

"सदऱ्यामुळे आहे, आई."

त्या आत गेल्या आणि बदलून आल्या. तेवढंच बोलणं. मग बदकांना हाक मारली, सगळी धावत आली, आणि माझ्या आईच्या नावाची बदकीण सगळ्यांत पुढे.

श्राद्धाच्या पुड्यांना दुसऱ्या दिवशीच लागलो, म्हणजे वेळेवर आंबतील. तुझ्या दादाने कांडलं. आईंनी कातडी घेतली. लोआन, त्यांना अक्षर दिसत नाही, पण सुरीच्या पात्याखाली कातडी चरचरते तिच्यावरून त्यांना धाग्याची जाडी कळते. माझे धागे त्यांनी हातात घेतले, चोळून पाहिले आणि बाजूला ठेवले. "हे ढकल ताम्याच्या पुड्यांत. त्याला दात आहेत अजून."

परातीत सगळं एकत्र झाल्यावर मीठ घालायची वेळ आली. मी सवयीने उठले विहिरीवर जायला. आई म्हणाल्या, "बस."

त्यांनी मीठ घातलं. मी चिमूटभर मांस काडीला लावून निखाऱ्यावर भाजलं आणि तोंडात टाकलं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, अगदी जवळ येऊन.

"कमी आहे," मी म्हटलं.

"किती?"

"अर्धी मूठ."

"अर्धी मूठ म्हणजे फार होतं. तुझी जीभ माहेरची, समुद्राकाठची."

"आई, कमी आहे. अर्धी मूठ कमी आहे."

तुझा दादा मुसळ टाकून बाहेर निघून गेला, त्याला वाटलं आता सुरू होणार. आईंनी बोटांवरचं मीठ झटकलं. मग मिठाचं मडकं माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "घाल मग. मला काय बघत बसलीस?" मी घातलं. घाईत थोडं परातीबाहेर सांडलं. "सांडलंस," त्या म्हणाल्या. "दिसतं तेवढं."

बांधायला त्या बसल्या. एकाही पुडीचा कोपरा फुगला नाही.

काल श्राद्ध झालं. आळीतली सगळी घरं आली. पुडी सोडली तेव्हा ताम मामांनी मुद्दाम मोठ्याने विचारलं, "ताई, आता काय म्हणू?" आई म्हणाल्या, "सुयेनला विचार. ती सांगेल ते म्हण." मी म्हटलं, "मामा, मिरची कमी आहे, बाकी छान आहे." मिरची खरंच कमी होती. आईंनी मान डोलावली आणि पुढच्या वेळी दोन काप घालायचं ठरलंसुद्धा.

पण मला लिहायचंय ते जेवणाआधीचं. ताट मांडलं, पुड्या मामंजींच्या फोटोपुढे ठेवल्या. दरवर्षी आई उदबत्ती लावतात आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतात, ते दोघांचं असतं, आम्ही कुणी ऐकत नाही. काल त्या मोठ्याने बोलल्या, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. "अहो, कातडी मी चिरली, पुड्या मी बांधल्या. मीठ सुनेचं आहे. मला आता लागत नाही. तुम्हाला लागत असेल तर खाऊन बघा."

आणि हातातल्या उदबत्त्या माझ्या हातात दिल्या. "तू बोलाव त्यांना. स्वयंपाक तुझा आहे."

लोआन, मी या घरात आल्यापासून मामंजींना पाणी ठेवलंय, फोटो पुसलाय, पण त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. तो मान आईंचा होता. मागे सगळे उभे होते.  धूर डोळ्यांत गेला. तुझ्या दादाने खाकरून आठवण करून दिली.

शेवटी मी म्हटलं, "मामंजी, जेवायला या. आई घरी आल्यात."

तुझी वहिनी,
सुयेन